अण्णांचं उंच हँडल

आमच्या अण्णांना वाकता येत नव्हतं. घरातली प्रत्येक वस्तू या एका अडचणीभोवती मांडलेली होती. पाण्याचा हंडा स्टुलावर, चपला खिडकीच्या कठड्यावर, आणि जेवायला पाटाऐवजी उभं केलेलं एक लाकडी खोकं, ज्यावर काळ्या रंगात लष्कराचे आकडे अजून दिसत होते. देहूरोडच्या डेपोत माल उतरवून घ्यायच्या कामावर असताना ट्रकच्या फाळक्यावरून त्यांचा पाय घसरला आणि ते पाठीवर पडले. मणक्याला चीर गेली. डॉक्टरांनी सांगितलं, जगायचं असेल तर पाठ सरळ ठेवा, ओझं उचलू नका, वाकू नका. नोकरी तिथंच संपली. मी तेव्हा इतकी लहान होते की मला आठवतात ते मान ताठ ठेवून, एकेक पाऊल जपून टाकणारे अण्णाच. बाजारातल्या लोकांना वाटायचं, माणूस भारी ताठ्याचा आहे. ताठा कसला आलाय, पाठ दुखत होती बिचाऱ्यांची.

घर चालायचं ते आईवर. आई शिकलेली सुईण होती, लोक तिला नर्सबाई म्हणत. देहूरोड बाजारातल्या आमच्या दोन पत्र्याच्या खोल्यांत कायम जंतुनाशकाचा वास असायचा आणि त्यात मिसळलेला सुक्या बोंबलांचा, कारण अण्णा कोकणातले, त्यांना बोंबील नसला की जेवण झाल्यासारखं वाटत नसे. सकाळी छावणीतला बिगूल वाजायचा, त्यामागून लोणावळ्याकडून येणाऱ्या गाडीची शिट्टी, आणि मग कुणीतरी दाराशी येऊन खाकरायचं. दाराशी खाकरणारा माणूस म्हणजे कुणाची तरी सून अडली आहे, हे मला चहा-साखर कळायच्या आधी कळायला लागलं होतं. आई जेवत असली तर तशीच उठायची. कात्री, उकळलेला दोरा, पांढरी परात, सगळं एका पिशवीत तयार असे. मावळात त्या वेळी वाटा कसल्या, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. कधी बैलगाडीतून, कधी चालत ती जायची, आणि अण्णा दारात उभे राहून ती वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचे. त्या बघण्यात काय होतं ते मला आता कळतं. बायको दुसऱ्याच्या गाडीत बसून राबायला जाते आणि आपण दारात उभे, हे त्यांना खात होतं.

लष्कराच्या लिलावात एक जुनी मोटरसायकल निघाली आणि अण्णांनी ती घेतली. हिरवी, जड, टाकीला पोचे पडलेली. आई म्हणाली, "अहो, तुमची ही पाठ, आणि तुम्ही त्या रेड्यावर बसणार?" अण्णा म्हणाले, "चालायला पाठ लागते. बसायला काय लागतं?" तेव्हापासून दाराशी कुणी खाकरलं की अण्णा आधी बाहेर. त्यांचा चेहरा बदलला, आवाज बदलला. "चला, बसा नर्सबाई," असं ते आईला म्हणायचे आणि आई पदर खोचून, पिशवी मांडीवर घेऊन मागं आडवी बसायची. बाजारातून जाताना ती अण्णांना धरायची नाही, सीटच्या मागच्या लोखंडाला धरायची. रेल्वेचं फाटक ओलांडलं, माणसं संपली की मग तिचा हात त्यांच्या खांद्यावर यायचा. हे मला ठाऊक आहे कारण शाळेला सुट्टी असली की मी पुढं टाकीवर बसलेली असायची आणि मान वळवून बघायची.

पण त्या गाडीचं हँडल होतं सपाट आणि खाली. ते धरायचं तर अंग पुढं झुकवावं लागे, सगळा भार मनगटांवर यायचा आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा हातातून वर चढत पाठीत जाऊन बसायचा. तळेगावपर्यंत जाऊन आले तरी अण्णांना गाडीवरून उतरता येत नसे. आई एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, असं त्यांना सोलून काढल्यासारखं खाली घ्यायचो. मग ते जमिनीवर उताणे पडून राहायचे आणि आई तव्यावर मीठ गरम करून पुरचुंडीनं शेकायची. तोंडातून आवाज काढायचे नाहीत. पायाची बोटं मात्र आवळलेली असायची. मी त्या बोटांकडे बघत बसायची आणि मला ती गाडी आवडेनाशी झाली.

यावर तोड काढली इसाकभाईनं. इसाकभाई मिस्त्री हा अण्णांचा डेपोतला जुना दोस्त, बाजाराच्या टोकाला त्याचं गाड्या दुरुस्तीचं दुकान. तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही हँडलकडे कशाला जाता, हँडललाच तुमच्याकडे आणू." त्यानं नळाचा पाइप घेतला, आत कोरडी वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडांना लाकडाची बुचं मारली आणि भट्टीत लाल करून वाकवला. वाळू भरली नाही तर पाइप वाकताना चपटा होतो, हे त्यानं मला समजावून सांगितलं होतं. हँडल इतकं उंच झालं की क्लच आणि ब्रेकच्या तारा पुरेनात, त्या दुसऱ्या गाडीच्या काढून लांब घालाव्या लागल्या. अण्णा सीटवर बसले, हात वर केले, मुठी धरल्या, आणि त्यांची पाठ भिंतीला टेकल्यासारखी सरळ राहिली. इसाकभाई बाजूला उभा राहून बघत होता. मग डोकं खाजवत म्हणाला, "एक बात आहे अण्णा. उंच हँडलनं माणूस मागं बसतो, पुढचं चाक हलकं पडतं. चढ आला की जरा पुढं झुकायचं. आणि मागं वजन नको." अण्णा हसले. "झुकता आलं असतं तर तुझ्याकडे आलो असतो का रे?" त्यावर इसाकभाईही हसला, आणि मीही.

लोकांनी टिंगल केली. बोकडाची शिंगं म्हणाले, काय काय म्हणाले. आईनं पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, "दोन्ही हात वर करून कुणाला शरण चाललात?" पण त्या रात्री मिठाची पुरचुंडी लागली नाही, दुसऱ्या दिवशीही लागली नाही. अण्णा गाडीवरून स्वतः उतरायला लागले. आमच्या घरातले तेच काय ते बरे दिवस. सुख फुकट मिळत नव्हतं, तेही सांगितलं पाहिजे. हात कायम वर राहिल्यानं त्यांच्या बोटांना मुंग्या यायच्या, मग मोकळा रस्ता लागला की एकेक हात खाली सोडून ते झटकायचे. देहूरोडच्या माळावर वारा सुटला की तो थेट छातीवर यायचा, आणि सरळ बसलेला माणूस वाऱ्यानं मागं ढकलला जाऊ नये म्हणून हँडलला लोंबकळल्यासारखा धरून राहतो. गावातल्या बोळात गाडी एका बोटानं वळायची, पण जरा वेग घेतला की हँडल आमच्या हातात आहे की वाऱ्याच्या, असं व्हायचं. मी टाकीवर दोन दांड्यांच्या मधोमध बसलेली असायची, मला ते डोक्याच्या दोन्ही बाजूंना हलताना दिसायचं. अण्णा कुणाजवळ बोलले नाहीत. पाठ दुखत नव्हती ना, मग बाकीचं त्यांना सोसायचं होतं.

माझा नातू चाकणच्या एका कंपनीत आहे. मागच्या वर्षी त्यानं असल्याच उंच हँडलची मोटरसायकल घेतली, विकत, चांगली दुकानातून. "आजी, लांबच्या प्रवासाला कंबर धरत नाही बघ," असं मला समजावत होता. मी त्याला एवढंच विचारलं, मागं कुणाला बसवतोस? तो लाजला, त्याला वाटलं म्हातारी चौकशा करतेय. मी विषय सोडून दिला. तरुण माणसाला गाडी दाखवायची हौस असते, तिथं आपलं रडगाणं कशाला लावायचं.

तळेगावच्या पुढं, चाकणच्या वाटेवर इंद्रायणी ओलांडून एक गाव होतं. तिथल्या बबनरावांची सून अडली होती, बाळ पोटात आडवं. आईनं ते बाळ हातानं फिरवलं. बाहेरून पोटावर हात ठेवून, हळूहळू, कळ आली की थांबून, कळ गेली की सरकवून. मावळात हे त्या वेळी आईशिवाय कुणाला जमत नव्हतं, हे मी लेक म्हणून सांगत नाही, डॉक्टरसुद्धा म्हणायचे. मुलगा झाला, दोघं वाचली. बाराव्या दिवशी बारशाचं बोलावणं आलं, आणि आम्ही तिघं गाडीवरून गेलो. घुगऱ्या झाल्या, जेवणं झाली, आईची ओटी भरली. निघताना बबनरावांनी तांदळाचं पोतं आणून गाडीजवळ टेकवलं. तिकडची रीतच तशी, सुईणीला रिकाम्या हातानं पाठवलं तर मुलाला लागतं म्हणायचे.

आई म्हणाली, "पोतं नको हो बबनराव. ओंजळभर द्या, पोचलं."

"नर्सबाई, तुमी व्हता म्हनून घर ऱ्हायलं," बबनराव म्हणाले. "ह्यो आंबेमोहोर नेल्याबिगर आमी सोडनार न्हाई."

"गाडीवर कुठं ठेवणार?"

तिथं चार-सहा बाप्ये उभे होते. त्यातला एक जण हँडलकडे बघत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. वढायची न्हाई ती. उद्या बैलगाडीनं धाडू." बोलला तो साध्या मनानं. पण अण्णांच्या गालाची शीर हलली. बैलगाडी हा शब्द त्यांच्या वर्मी लागत असे. ते म्हणाले, "बांधा. गाडी ओढते की नाही ते मला माहीत आहे." आईनं त्यांच्याकडे बघितलं. चारचौघांत नवऱ्याला दुसऱ्यांदा नको म्हणायचं नाही, म्हणून तिनं पदर खोचला. आईच्या मागं कॅरिअरवर सुंभानं करकचून पोतं बांधलं. मी टाकीवर, त्यामुळं अण्णा आणखी मागं सरकलेले, त्यांच्या मागं आई, तिच्या मागं पोतं.

सपाटीला काही वाटलं नाही. नदीवरचा फरशीचा पूल ओलांडला आणि पलीकडचा चढ लागला. चढ काही मोठा नव्हता, पण चाकोऱ्यांनी उकरलेला. गाडीचा आवाज जड झाला आणि माझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंची हँडलची टोकं पाण्यात बुडवलेल्या काठीसारखी सैल हलायला लागली. पुढचं चाक रस्ता धरतच नव्हतं. अण्णा मागं घसरत होते आणि घसरू नये म्हणून हँडलच ओढून धरत होते, आणि ते ओढतील तसं पुढचं चाक आणखी हलकं होत होतं. माझ्या कानाशी ते म्हणाले, "पुढं हो, पुढं हो," आणि मी टाकीवर पालथी पडले. त्यांना स्वतःला पुढं होता येत नव्हतं. चाक चाकोरीत घसरलं, हँडल एकदम फिरलं आणि गाडी डाव्या अंगाला गेली.

मी गवतात पडले, मला खरचटलं तेवढंच. गाडी आडवी होताना अण्णांचे पाय जमिनीला टेकले, ते बाजूला उभेच राहिले होते. आई डावीकडे तोंड करून बसलेली, ती तशीच पुढं पडली, उजवा हात खाली, आणि पोतं तिच्यावर आलं. इंजिन चालूच होतं, मागचं चाक हवेत फिरत होतं. आई ओरडली नाही. तिनं आपला हात अंगाखालून काढला, त्याच्याकडे रोग्याच्या हाताकडे बघावं तसं नीट बघितलं आणि म्हणाली, "मनगट गेलं."

अण्णा तिच्याजवळ गेले. तिला उठवायला त्यांनी हात पुढं केला, तो पोचेना. मग गुडघ्यावर बसले, पाठ तशीच ताठ, तरी हात पोचेना. पोतं अजून आईच्या पायांवर होतं. मी ते ढकलत होते, माझ्यानं हलत नव्हतं. अण्णा तिच्याशेजारी गुडघ्यावर, हात लांब केलेला, आणि दोघांच्या मध्ये वीतभर अंतर. शेवटी शेतातून एक माणूस धावत आला, त्यानं पोतं बाजूला केलं आणि आईला उचललं. परक्या माणसानं आईला उचलताना अण्णांनी मान वळवली. फुटलेल्या पोत्यातला तांदूळ चढावरून खाली घरंगळत होता, तिकडे ते बघत राहिले.

तळेगावच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. हाडाचा चुरा झाला होता, त्यामुळं मनगट बसलं ते वाकडं आणि ताठ. वळायचं नाही. आई डाव्या हातानं नाळ कापायला शिकली, डाव्या हातानं बाळ धुवायला शिकली, साधी बाळंतपणं करू लागली. पण आडवं बाळ फिरवायला दोन्ही हात लागतात, आणि हातांना आतलं कळावं लागतं. अशी बाई आली की ती म्हणायची, तळेगावला न्या. आधी ती कुणाला कधी असं म्हणाली नव्हती. एकदा अशीच एक बाई बैलगाडीत, वाटेतच गेली. निरोप आला तेव्हा आई भाजी निवडत होती. तिनं भाजी निवडून संपवली, हात धुतले आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मला फार भीती वाटली होती त्या दिवशी.

आईचं प्लास्टर निघाल्यावर एका दुपारी इसाकभाई घरी आला आणि दारातूनच म्हणाला, "भाभी, यांना समजवा. जुनं हँडल माझ्या दुकानातून उचलून आणलं. मी लावून देत नाही म्हटलं तर स्वतः लावलं." आम्ही बाहेर जाऊन बघितलं. नळाचा पाइप भिंतीला टेकवलेला आणि गाडीला ते लष्कराचं खालचं, सपाट हँडल.

आत येऊन मी पुन्हा चुलीशी भाकऱ्या थापायला बसले, आईचा हात गेल्यापासून ते काम माझं होतं. आई अण्णांपुढं उभी राहिली. "हे कुणी सांगितलं होतं?"

"मला वाकायला हवं होतं," अण्णा म्हणाले. "चढावर वाकलो असतो तर चाक टिकलं असतं. वाकलो नाही."

"अहो, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टर मागं बसणार नाही. तू बसणार."

"म्हणजे माझा हात गेला तो गेला, वर तुमची पाठ घालवायची? एका घरात दोन लुळे हवेत?"

अण्णा म्हणाले, "तुझं मनगट सरळ होईल त्या दिवशी मी सरळ बसेन." आई माझ्याजवळ येऊन बसली आणि तव्यावरची जळलेली भाकरी डाव्या हातानं उलटायला लागली. मला अण्णांचा राग आला होता. आजही येतो. त्यांनी स्वतःला शिक्षा केली असेल, पण ती बघायची शिक्षा आम्हाला केली.

त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांनी आईला त्या खालच्या हँडलवर नेलं. गाडी चांगली चालायची, हे कबूल करायला हवं. चढावर पुढचं चाक रस्ता सोडत नसे, वारा डोक्यावरून जायचा, हँडल हातात राहायचं. आई परत कधी पडली नाही. घरी आले की मिठाची पुरचुंडी, आवळलेली बोटं, सगळं पुन्हा सुरू. आधी ते गाडीवरून उतरल्यावर तासाभरात सरळ व्हायचे. पुढं संध्याकाळ लागायला लागली. पुढं पाठ सरळ व्हायचीच थांबली. ज्यांना लोक ताठ्याचा माणूस म्हणायचे ते बाजारातून जमिनीकडे बघत चालायला लागले, आणि ओळखीच्यांना नमस्कार करायचा तर त्यांना मान तिरकी करून वर बघावं लागे. आता चपला खाली ठेवल्या तरी चालायच्या, पण आई त्या खिडकीतच ठेवत राहिली. तिनं गाडीवर बसणं थांबवलं नाही. मी एकदा विचारलं, तू नाही म्हण ना, म्हणजे ते चालवायचे थांबतील. ती म्हणाली, "मी नाही म्हटलं तर उरलं काय त्यांच्याजवळ?"

अण्णा गेले तेव्हा माझं लग्न होऊन मी चिंचवडला होते. निरोप मिळाला तशी निघाले. पोचले तोवर माणसं जमली होती, तिरडी बांधून झाली होती. अण्णांना तिरडीवर ठेवलं, पण ते निजेनात. पाठ वाकलेली ती वाकलेलीच, डोकं आणि खांदे वर उचललेले, दोरी बांधावी तर बसत नव्हती. इसाकभाई भिंतीशी उभा होता, त्यानं तोंड फिरवलं. शेजारचे दोघं जण म्हणाले, जरा दाबावं लागेल, आणि त्यांनी अण्णांच्या खांद्यांवर हात ठेवले. आई तोवर रडली नव्हती, कोपऱ्यात बसून होती. ती उठली, माणसांमधून वाट काढत आली आणि आपला वाकडा हात तिनं अण्णांच्या मानेखालच्या पोकळीत घातला.

"दाबू नका," ती म्हणाली. "दुखतं त्यांना."